कोणत्याच यादीत नसलेला छायाचित्रकार

२० मार्च २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर या शहरांतील जीवनावश्यक वस्तूंखेरीज सर्व दुकाने ३१ मार्चपर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. देशव्यापी टाळेबंदीची घोषणा त्यानंतर चार दिवसांनी, २४ मार्चच्या रात्री झाली. म्हणजे देशाचे व्यवहार थांबण्यापूर्वीच नागपूरचे थांबले होते. महाल, इतवारी, सीताबर्डी, सदर, धरमपेठ या भागांत ज्या दुकानांची शटरे त्या दिवसांत खाली ओढली गेली त्यांत फोटो स्टुडिओही होते. ही काही मथळ्याची बातमी नव्हती. सराफा बंद, कापडबाजार बंद, शाळा-महाविद्यालये बंद, रेल्वे बंद अशा वेळी एकदोन खोल्यांच्या स्टुडिओची दखल कोण घेणार? परंतु २५ मार्चला गुढीपाडवा होता, आणि चैत्र उजाडला की विदर्भात लग्नसराईचे वेध लागतात. वर्षाच्या पोटापाण्याची तजवीज ज्याला वैशाख-ज्येष्ठातल्या मोजक्या मुहूर्तांवर करावी लागते, अशा या व्यावसायिकावर कोसळलेली आपत्ती इतर दुकानदारांच्या आपत्तीहून वेगळ्या जातीची होती. ती पुरती समजून घेण्याचा प्रयत्न आजतागायत झालेला नाही.

टाळेबंदीच्या आवश्यकतेविषयी येथे वाद घालावयाचा नाही. ११ मार्च २०२० रोजी नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला होता, रोगाविषयीचे ज्ञान तुटपुंजे होते आणि रुग्णालयांची तयारी त्याहून तुटपुंजी होती. माणसांना एकमेकांपासून दूर ठेवणे एवढाच उपाय राज्यकर्त्यांच्या हाती होता. तो योजताना 'अत्यावश्यक' आणि 'अनावश्यक' अशी कामांची विभागणी करणे ओघाने आलेच. दूध, भाजी, औषधे, वीज, पाणी यांचा क्रम वर लागला याबद्दल कोणी तक्रार करणार नाही. मात्र अशी विभागणी एकदा कागदावर उतरली की तिला स्वतःचे आयुष्य लाभते. आज कोणते दुकान उघडावे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी केलेली यादी हळूहळू कोणाचे नुकसान खरे आणि कोणाचे दुय्यम, कोणाला मदत द्यावयाची आणि कोणाला नाही, हेही ठरवू लागते. छायाचित्रकाराच्या बाबतीत हेच घडले.

वस्तुतः छायाचित्रणाचे काम त्या यादीत अजिबात नव्हते असे नाही. वृत्तपत्रांचे आणि वृत्तवाहिन्यांचे छायाचित्रकार अत्यावश्यक सेवेत मोडत होते. त्यांनी जीव धोक्यात घालून केलेले काम जगाने पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये दिल्लीच्या स्मशानांतील पेटलेल्या चितांची दानिश सिद्दीकी यांनी टिपलेली छायाचित्रे कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक बोलली. जुलै २०२१ मध्ये अफगाणिस्तानात वार्तांकन करीत असताना ते मारले गेले, आणि भारतातील महामारीच्या चित्रणाबद्दलचे पुलित्झर पारितोषिक २०२२ मध्ये त्यांना मरणोत्तर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांना मिळाले. हा सन्मान यथोचितच होता. परंतु बातमीचा छायाचित्रकार आणि घरचा छायाचित्रकार ही एकाच विद्येची दोन निराळी घराणी आहेत. पहिला समाजावर काय गुदरले ते जगाला दाखवितो. दुसरा एका कुटुंबात काय घडले ते त्या कुटुंबापुरते जपून ठेवतो. डोहाळेजेवण, बारसे, मुंज, साखरपुडा, लग्न, साठीशांत, शाळेचा वर्गफोटो, नोकरीच्या अर्जावर चिकटवावयाचा पासपोर्ट फोटो, आणि शेवटी हार घालून भिंतीवर टांगावयाची तसबीर, असा त्याच्या कामाचा विस्तार असतो. पहिल्याला ओळखपत्र मिळाले, दुसऱ्याला पोलिसाचा दंडुका.

या दुसऱ्याचा व्यवहार कसा चालतो हे ठाऊक असल्याखेरीज त्याच्या अडचणीचे स्वरूप ध्यानात येत नाही. लग्नाची तारीख ठरली की यजमान इसार देतो. त्या रकमेतून छायाचित्रकार कॅमेऱ्याचा हप्ता भरतो, नवी भिंग किंवा बॅटरी घेतो, दुकानाचे तुंबलेले भाडे चुकते करतो. लग्नाच्या दिवशी तो एकटा नसतो. दुसरा कॅमेरा धरणारा, व्हिडिओवाला, दिवे सांभाळणारा मुलगा आणि अलीकडे ड्रोन उडविणारा असा चारपाच जणांचा ताफा असतो. यांतील बहुतेक रोजावर येतात. पुढे छायाचित्रांची निवड, संगणकावरील संस्करण, प्रयोगशाळेत अल्बमची छपाई, त्याची बांधणी, अशी साखळी लांबत जाते आणि उरलेले पैसे अल्बम घरपोच झाल्यावर हाती पडतात. तेही पूर्ण पडतीलच असे नाही. वधूपित्याचा हात तोवर आखडलेला असतो. म्हणजे उत्पन्न सहा महिने मागे-पुढे पसरलेले आणि खर्च दरमहा ठरलेला. मार्च २०२० मध्ये या साखळीची दोन्ही टोके एकाच वेळी निखळली. पुढची लग्ने पुढे ढकलली गेली म्हणून यजमान इसार परत मागू लागले, आणि मागच्या लग्नांचे अल्बम छापखाने बंद असल्यामुळे पुरे होईनात, म्हणून जुनी बाकी वसूल होईना. किराणा दुकानदाराचा माल निदान दुकानात शिल्लक होता. छायाचित्रकाराचा माल म्हणजे मुहूर्त. तो टळला की टळला.

कॅमेरा आणि भिंगे या वस्तूही कपाटात ठेवून सुखाने राहणाऱ्या नव्हेत. नागपूरचा उन्हाळा कोरडा असतो म्हणून मे महिन्यापर्यंत निभावले; जूनअखेर पावसाळी दमट हवा आली की वापराविना पडलेल्या भिंगांच्या काचांवर बुरशीचे जाळे धरू लागते. बॅटऱ्या अधूनमधून भरल्या-वापरल्या नाहीत तर त्यांची ताकद ओसरते. डिजिटल कॅमेऱ्याचे बाजारमूल्य तर नवे रूप बाजारात आले की आपोआप घसरते, मग तो वापरलेला असो वा नसो. शेतकऱ्याचा बैल बांधून ठेवला तरी खातो असे म्हणतात. येथे यंत्र बांधून ठेवले तरी त्याचा हप्ता खात होता.

हप्त्याच्या बाबतीत सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाच्या हप्त्यांना तीन महिन्यांची स्थगिती देण्याची मुभा बँकांना दिली आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली. परंतु स्थगिती म्हणजे माफी नव्हे. त्या काळातील व्याज चढतच राहिले. व्याजावरील व्याजाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा कोठे त्यातून सुटका झाली. शिवाय ही सवलत बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जापुरती होती. ज्याने ओळखीच्या व्यापाऱ्याकडून उधारीवर कॅमेरा आणला, किंवा नातेवाइकाकडून हातउसने घेतले, त्याला ती कोठून लागू पडणार? मे २०२० मध्ये वीस लाख कोटी रुपयांच्या 'आत्मनिर्भर भारत' योजनेचा गाजावाजा झाला. त्यातील तीन लाख कोटींची हमीयुक्त कर्जयोजना लघुउद्योगांसाठी होती खरी. पण २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्यांच्या नावावर व्यवसायाचे कर्ज शिल्लक होते त्यांना त्या शिलकीच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, असे तिचे स्वरूप होते. ज्याने काटकसर करून कर्ज फेडून टाकले होते त्याच्या हाती त्या सूत्रानुसार शून्याचे २० टक्के येत होते. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या स्वनिधी योजनेतून रस्त्यावरील फेरीवाल्यांना दहा हजार रुपयांपर्यंत खेळते भांडवल मिळू लागले. छायाचित्रकार फेरीवाला नव्हता. त्याच्या दुकानाला पाटी होती. त्या दिवसांत अनेक गावांतून छायाचित्रकारांनी भाजीचे ठेले लावल्याचे ऐकू येत होते. भाजी अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत होती, एवढाच त्याचा अर्थ.

राज्य सरकारच्या मदतीकडे पाहिले तर हा प्रश्न अधिक उघडा पडतो. १३ एप्रिल २०२१ रोजी दुसऱ्या लाटेतील निर्बंध जाहीर करताना राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांची मदत घोषित केली. नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, नोंदणीकृत फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी पंधराशे रुपये देण्याचे ठरले. रक्कम लहान होती; पण यादीत कोण आहे आणि कोण नाही हे पाहण्यासारखे आहे. बांधकाम कामगारांना मंडळ आहे, कारण त्यांच्यासाठी १९९६ सालचा केंद्रीय कायदा आहे. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कायदा केला. रिक्षाचालकाकडे परवाना आणि बिल्ला असतो. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा झाला. या प्रत्येक कायद्यामागे वर्षानुवर्षांची चळवळ, मोर्चे आणि निवेदने आहेत. सरकारने दया दाखवून त्यांची नावे घातली नाहीत. नावे आधीपासून वहीत होती म्हणून मदत देता आली. छायाचित्रकाराचे नाव कोणत्याही वहीत नव्हते. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम त्या वेळी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच नोंदणीचे बंधन घालत होता. त्याहून लहानांनी केवळ सूचना द्यावयाची असते. एक मालक, एक मदतनीस आणि हंगामात चार रोजंदारीवाले, असा ज्याचा कारभार, त्याची गणती कोणत्या दप्तरात होणार?

यात दोष एकट्या सरकारचा आहे असे मानण्याचे कारण नाही. छायाचित्रकार स्वतःला कामगार समजत नाही. तो मालक असतो, निदान कलावंत तरी. गावोगावी त्यांच्या संघटना आहेत, त्या १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन साजरा करतात, प्रदर्शने आणि स्पर्धा भरवतात. नव्या कॅमेऱ्यांच्या कंपन्या त्यांच्यासाठी कार्यशाळा घेतात. हे सारे चांगलेच आहे. तथापि किमान दर, इसाराची लेखी अट, रोजंदारीवर येणाऱ्या सहाय्यकांचा विमा, हंगाम बुडाला तर आधार देणारा सामायिक निधी, असे रुक्ष विषय या व्यवसायात क्वचितच निघतात. मध्यमवर्गीय पांढरपेशेपणाची ही जुनी खोड आहे. रांगेत उभे राहण्याची लाज वाटते, आणि संकट आले की आपल्यासाठी रांगच नाही हे उमगते.

पहिल्या वर्षी निदान आशा होती. १ मे २०२० च्या केंद्रीय आदेशाने ५० पाहुण्यांच्या मर्यादेत लग्ने करण्यास वाट मोकळी केली, जूनपासून दुकाने सम-विषम पद्धतीने उघडू लागली, आणि तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त गाठून अनेकांनी लांबलेली कार्ये उरकली. नागपुरातील लॉन आणि मंगल कार्यालयांतून पुन्हा दिवे लागले. परंतु फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या चढू लागताच तत्कालीन पालकमंत्री नितीन राऊत यांनी २५ फेब्रुवारी ते ७ मार्च मंगल कार्यालये बंद ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. १५ मार्चपासून शहरात पुन्हा कडक टाळेबंदी आली. आणि २२ एप्रिलपासून राज्यभर लग्नासाठी एकच सभागृह, दोन तास आणि २५ माणसे अशी मर्यादा पडून तिच्या भंगाला ५० हजार रुपये दंड ठरला. पन्नासांच्या लग्नात छायाचित्रकार एकटा का होईना, येऊ शकत होता. पंचविसांच्या यादीत वधू-वर, आईबाप, भाऊबहीण, मामा, भटजी, स्वयंपाकी हे बसवताना पहिले नाव कोणाचे कापले गेले असेल हे सांगावयास नको. २६ एप्रिल २०२० आणि १४ मे २०२१ अशा दोन्ही अक्षय्य तृतीया हातच्या गेल्या. या तिथीला वेगळा मुहूर्त पाहावा लागत नाही, म्हणून लग्नांची गर्दी तिच्यावर उसळते.

लग्नांपुरतीच ही गोष्ट नाही. नागपूरच्या छायाचित्रकाराचे वर्ष शहराच्या वर्षाशी बांधलेले असते. पोद्दारेश्वर मंदिराची रामनवमीची शोभायात्रा निघाली नाही. २५ ऑक्टोबर २०२० च्या विजयादशमीला दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मुख्य सोहळा रद्द झाला. १९५६ पासून ज्या भूमीवर देशभरातून लक्षावधी माणसे येतात आणि ज्यांतील कितीतरी कुटुंबे स्तूपासमोर उभे राहून आयुष्यातला एकमेव एकत्र फोटो काढून घेतात, ती भूमी त्या दिवशी मोकळी होती. शाळा बंद राहिल्या. २०२१ सालची दहावीची परीक्षाच रद्द झाल्याने त्या तुकडीला ना निरोपसमारंभ मिळाला, ना मुख्याध्यापकांना मध्ये बसवून काढलेला वर्गाचा सामायिक फोटो. शाळाशाळांच्या कार्यालयांत किंवा व्हरांड्यांत अशा फोटोंची रांग टांगलेली असते. ती जेथे अजून टांगलेली आहे तेथे २०२० आणि २०२१ या वर्षांची जागा रिकामी दिसेल. शिक्षकांना ही पोकळी सांगावी लागणार नाही.

'हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, मग छायाचित्रकार नसल्याने बिघडले काय?' असा प्रश्न येथे कोणी विचारील, आणि तो वावगा नाही. टाळेबंदीत भारतीयांनी मोबाईलवर जितकी छायाचित्रे काढली असतील तितकी पूर्वी कधी काढली नसावीत. ब्रिटनमध्ये तर नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने २०२० मध्ये सामान्य लोकांकडून टाळेबंदीतील छायाचित्रे मागविली, तेव्हा सहा आठवड्यांत ३१ हजारांहून अधिक आली आणि त्यांतून शंभर निवडून त्यांचे प्रदर्शन केले गेले. परंतु ती निवड, ती नोंद, तो संग्रह करणारी एक संस्था तेथे होती. आपल्याकडील मोबाईलमधली छायाचित्रे मोबाईलबरोबरच जातात. फोन पडतो, पाण्यात भिजतो, जागा अपुरी म्हणून मजकूर पुसला जातो. अल्बम मात्र लोखंडी कपाटात साड्यांच्या घडीखाली तीस वर्षे राहतो. दुसरे असे की, मोबाईलवर फोटो काढणारा स्वतः त्या फोटोत नसतो. घरातील सर्व माणसे एकाच चौकटीत यावयाची तर बाहेरचा कोणी तरी लागतो, आणि तो 'काका थोडे डावीकडे, आजींना खुर्ची द्या' असे म्हणण्याचा अधिकार असलेला लागतो. एरवी एकमेकांशी न बोलणारे दोन भाऊ त्याच्या शब्दाखातर खांद्याला खांदा लावून उभे राहतात.

हे काम अंतर राखून करणे शक्य होते, याचे उदाहरण अमेरिकेत सापडते. मॅसॅच्युसेट्स राज्यातील नीडम गावी मार्च २०२० मध्ये घरोघरच्या पायऱ्यांवर कुटुंबांना बसवून रस्त्याच्या कडेने त्यांची छायाचित्रे काढण्याचा उपक्रम सुरू झाला. त्याच्या मोबदल्यात स्थानिक मदतकार्याला देणगी द्यावयाची अशी कल्पना होती. ती पाहता पाहता अनेक गावांत पसरली. नागपुरात तसे होणे सोपे नव्हते. एप्रिल २०२० मध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा या दाट वस्तीच्या भागांची नाकेबंदी झाली होती. तेथे घर आणि रस्ता यांच्यामध्ये अंगण नावाची वस्तूच नाही. अमेरिकन उपनगरातील पायऱ्या आणि इतवारीतील बोळ यांची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. तरीही निर्बंध सैल होत असताना उघड्या हवेत, एका माणसाने, दहा फुटांवरून करावयाचे काम बंद सभागृहातील गर्दीच्या कामाबरोबर एकाच दावणीला बांधणे कितपत शहाणपणाचे होते, हा प्रश्न उरतोच. नियम लिहिणाऱ्यांनी व्यवसायांची नावे पाहिली. कोणता व्यवसाय कसा चालतो हे पाहिले नाही.

आणि मग एप्रिल २०२१ चे ते दिवस आले. नागपूर जिल्ह्यात रोजच्या नव्या रुग्णांचा आकडा सात हजारांपलीकडे गेला. मेयो आणि मेडिकलच्या आवारात खाटेसाठी माणसे ताटकळत होती आणि गंगाबाई घाट, मोक्षधाम, अंबाझरी, मानकापूर येथील दहनघाटांवर विसावा नव्हता. केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मृताच्या पिशवीची चेन उघडून नातेवाइकांना चेहरा दाखविण्यास मनाई नव्हती. मनाई होती ती स्पर्श करण्यास, स्नान घालण्यास. प्रत्यक्षात त्या धावपळीत कितीतरी जणांना तेवढेही साधले नाही. घरातील अर्धी माणसे स्वतःच विलगीकरणात होती. अंत्यदर्शन नाही, खांदा नाही, दहाव्याला नातलग नाहीत. अशा घरांना तेराव्याच्या आत एकच वस्तू हवी होती, ती म्हणजे पाटावर ठेवावयाला फोटो.

हा फोटो कोठून येणार? सधन घरांत तो असतो. पण चारचौघांच्या घरांत वडिलांचा स्वतंत्र असा फोटो बहुधा नसतो. ते कोणाच्या तरी लग्नात मागच्या रांगेत उभे असतात, आधार कार्डावर ओळखू न येण्याजोगे असतात, किंवा व्हॉट्सॲपवरच्या एखाद्या धूसर चित्रात नातवाला कडेवर घेऊन हसत असतात. ते चित्र छायाचित्रकाराकडे येते. तो शेजारच्या माणसाचा खांदा पुसतो, लग्नातील फेटा काढून केस बसवतो, पाठीमागचा झगमगाट काढून निळी किंवा करडी पार्श्वभूमी घालतो, डोळ्यांत थोडा उजेड आणतो आणि आठ बाय दहाच्या चौकटीत तो माणूस घरी परत पाठवतो. त्या दोन महिन्यांत ज्या स्टुडिओंचे संगणक चालू राहिले ते मुख्यतः याच कामावर. दुकानाचे दार बंद, चित्र फोनवर येणार, छपाई अर्ध्या शटराआडून होणार. आठ दिवसांपूर्वी बारशाचा इसार देऊन गेलेल्या घरातून अशी मागणी आली तर इसार त्या खात्यात वळता करून घ्यावा की परत द्यावा, असे प्रश्न अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाहीत. हे काम अत्यावश्यक होते की नव्हते, याचा निर्णय ज्या घरांत दिवा लावून पाटावर फोटो मांडला गेला त्यांच्यावर सोपविणेच बरे.

महामारीचा कायदा १८९७ चा, मुंबईतील प्लेगच्या वेळचा. १४ मार्च २०२० रोजी महाराष्ट्राने त्याच कायद्याखाली नियम केले. प्लेगच्या त्या काळातील छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनी ती मुद्दाम काढवून घेतली. त्यांत रुग्णालये आहेत, घरे धुणारी पथके आहेत, तपासणीसाठी रांगेत उभी केलेली माणसे आहेत. सरकारने काय केले याचा तो पुरावा होता, आणि त्यातील माणसांना नावे नाहीत. पुढे १९१८ च्या इन्फ्लुएंझाने ज्या प्रांतांना सर्वांत भीषण तडाखा दिला त्यांत नागपूर ज्याची राजधानी होती तो मध्यप्रांत व वऱ्हाड अग्रभागी होता. त्या साथीत या भागातली घरेच्या घरे बसली. त्यांचे चेहरे कोठे आहेत? त्या काळी कॅमेरा ही श्रीमंतांची आणि साहेबांची वस्तू होती. पुढे गल्लोगल्ली स्टुडिओ झाले, बडोद्यात तयार होणारे आग्फाचे साधे कॅमेरे आणि उटकमंडच्या सरकारी कारखान्यातील 'इंदू' फिल्म यांनी छायाचित्र मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणले, आणि सर्वसामान्य मराठी घराला आपला स्वतःचा दृश्य इतिहास प्रथमच मिळाला. या इतिहासाची निम्मी साधने आजही खासगी स्टुडिओंच्या माळ्यांवर, निगेटिव्हच्या पाकिटांत आणि अलीकडच्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहेत.

आणि नेमके हेच स्टुडिओ आता बंद पडत आहेत. करोनाने त्यांना मारले असे म्हणणे सोपे आहे, पण पुरते खरे नाही. मोबाईलने आणि डिजिटल तंत्राने त्यांची मुळे आधीच सैल केली होती. प्रत्यक्ष कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा आश्रय घेतला, तेथे इतवारीतल्या स्टुडिओची काय कथा! टाळेबंदीने एवढेच केले की दहा वर्षांत होणारी पडझड दोन हंगामांत उरकली. जे टिकले ते लग्नांच्या मोठ्या कंत्राटांकडे वळले, फुटाळ्याच्या काठावर लग्नापूर्वीच्या चित्रणाकडे वळले. घरगुती, स्वस्त, पायी चालत जाऊन काढून घेण्याजोग्या फोटोची सोय आटत चालली. दुकान मोडताना जुन्या निगेटिव्ह रद्दीत जातात. त्यांतील चांदीसाठी घेणारेही पूर्वी फिरत असत. शाळांनी, वाचनालयांनी, महानगरपालिकेने किंवा नागपूर विद्यापीठाच्या इतिहास विभागाने असे संग्रह मागून घेऊन जतन करण्यास फार मोठा खर्च येणार नाही. त्यासाठी कोणी तरी आधी विचारावयास हवे.

राहता राहिला नोंदीचा प्रश्न. गंमत अशी की सरकारी वर्गीकरणात छायाचित्रकाराला जागा नाही असे मुळीच नाही. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात छायाचित्रण व्यवसायाला ७४२० हा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि व्यवसायांच्या राष्ट्रीय वर्गीकरणातही त्याची वेगळी नोंद आहे. संख्याशास्त्रज्ञाला तो दिसतो, मदत वाटणाऱ्याला दिसत नाही. २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा दुसरी लाट ओसरून गेली होती. शिवाय आयकर भरणाऱ्याला तेथे प्रवेश नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने असंघटित कामगारांच्या व्याख्येत स्वयंरोजगार करणाऱ्यांचाही समावेश केला आहे. ही संहिता प्रत्यक्षात काय देते हे तिच्याखाली केंद्र आणि राज्य कोणत्या योजना आखतात यावर अवलंबून राहील. छायाचित्रकारांच्या संघटनांनी स्पर्धांमधून थोडी सवड काढून आपल्या सहाय्यकांसह सर्वांची जिल्हावार यादी स्वतःच तयार केली, तर पुढच्या वेळी 'तुमची नोंद कोठे आहे?' या प्रश्नाला निरुत्तर व्हावे लागणार नाही.

याच महामारीमुळे २०२१ ची जनगणना रखडली. तिच्या जागी होणाऱ्या जनगणनेसाठी जून २०२५ मधील अधिसूचनेने देशाच्या बहुतेक भागाकरिता १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी मुक्रर केली. माणूस काय काम करतो हा प्रश्न जनगणनेत असतोच. लग्नसराईत कॅमेरा धरणारा आणि उरलेले आठ महिने मिळेल ते काम करणारा माणूस प्रगणकासमोर 'धंदा' एवढेच मोघम उत्तर देण्याचा संभव मोठा आहे. प्रगणकाचे काम प्रथेप्रमाणे बहुतांशी शिक्षकांकडे येते. तो कोणता धंदा, हंगामात काय आणि एरवी काय, एवढा एक जादा प्रश्न त्यांनी विचारला तर त्या उत्तराची नोंद 'छायाचित्रकार' अशी होऊ शकते.